सात पंचवीसचे विमान

(तृतीय वर्ष, कला)

आमच्या शिरवळात गाडी चुकली म्हणून कुणी डोळ्यांत पाणी आणत नाही. पुणे-सातारा रस्त्यावरचे हे गाव. नीरेचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि आम्ही सुरू होतो. हात दाखवूनही एक एस. टी. थांबली नाही, तर मागून दुसरी येते. दुसरीत पाय ठेवायला जागा नसेल तर वडाप आहे. आणि तेही नसेल तर कारखान्यात माल उतरवून परत निघालेला एखादा ओळखीचा टेम्पोवाला भेटतोच. तिकीट आधी काढलेलेच नसते, मग ते बदलायचे कुठून? गाडीत चढावे, सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी दोन शब्द व्हावेत आणि काचेला डोके टेकून झोपी जावे. वीस वर्षे या रस्त्याच्या कडेला काढल्यामुळे प्रवास म्हणजे एवढेच, अशी माझी समजूत होती. गेल्या नोव्हेंबरात एका पहाटे ती मोडली, आणि तिचा भुर्दंड माझ्याऐवजी दुसऱ्यालाच भरावा लागला. ‘वार्षिकांकासाठी काहीतरी लिही, पण पुस्तकातले नको, स्वतःचे लिही,’ असे मॅडम म्हणाल्या, तेव्हा हेच पहिल्यांदा आठवले.

माझे आजोळ खानापूर तालुक्यात, विट्यापासून थोडे आत. त्या बाजूच्या दुष्काळाबद्दल मी नव्याने काय सांगावे? पाऊस नाही म्हणून माणसे बाहेर पडली आणि त्यांतली पुष्कळशी गलाईच्या धंद्यात शिरली. जुने सोने-चांदी मुशीत घालून आटवायचे, तेजाबात टाकून शुद्ध करायचे, ही ती गलाई. दिल्ली असो, कोईमतूर असो की कोलकाता असो, सराफांच्या पेठेमागच्या अरुंद बोळात भट्टीपुढे बसलेला माणूस पुष्कळदा विटे, आटपाडी नाहीतर खटाव-माणकडचा निघतो. माझा थोरला मामा चौदाव्या वर्षी गावच्याच एका माणसाचे बोट धरून कोलकात्याला गेला. बडाबाजारात आधी पोऱ्या, मग कारागीर, आणि आता स्वतःची लहानशी भट्टी. तिथल्या गिऱ्हाइकांशी तो बंगालीत घासाघीस करतो आणि फोनवर आमच्याशी अस्सल खानापुरी बोलतो. धाकटा मामा गावी आबांजवळ राहून शेती बघतो.

आजी गेली ती १९९६ साली. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आई सांगते, की मामाला निरोप पोचला तेव्हा इकडे माती होऊनही गेली होती. (आमच्याकडे दहन झाले तरी ‘माती झाली’ असेच म्हणतात.) मामा हावड्याला गाडीत बसला, दोन रात्री काढून पुण्याला उतरला, तिथून एस. टी. धरून चौथ्या दिवशी दारात आला. कुणी त्याला बोल लावला नाही. लांबच्या मुलाने दहाव्याला पोचावे, म्हणजे तो वेळेवर आला, असा तेव्हा हिशेबच होता. त्याच्यासाठी कुणी थांबत नसे, म्हणून त्याला उशीरही होत नसे.

पुढे विमाने आली. म्हणजे विमाने होतीच, आमच्यासाठी आली. १९५३ च्या कायद्याने देशातली विमानसेवा सरकारी महामंडळांकडे गेली होती. तो कायदा १९९४ साली रद्द झाला, खासगी कंपन्यांना रस्ता मोकळा झाला, आणि २००३ पासून स्वस्त भाड्याची विमाने उडू लागली. आगगाडीच्या वरच्या वर्गाचे पैसे आणि विमानाचे पैसे यांतले अंतर कमी होत होत एक दिवस मामाही लोहगावला उतरला. त्याला घ्यायला आबा हट्टाने आले होते. आबा वारकरी. आषाढीच्या आधी ते आमच्याकडे शिरवळला मुक्कामाला येत आणि माउलींच्या पालखीचे नीरास्नान झाले की लोणंदपासून चालू लागत. लोहगावच्या विमानतळाबाहेर उतरल्यावर त्यांनी वाकून जमिनीला हात लावला. मला वाटले काही पडले असेल. ते म्हणाले, “अगं, ह्यो तुकोबांचा आजोळगाव.” वरून विमान गेले तरी त्यांनी मान वर केली नाही.

तेव्हापासून आमच्या कुटुंबात एक नवी गोष्ट सुरू झाली. काही बरेवाईट झाले, की पहिला प्रश्न, “थोरल्याचं इमान कवा हाय?” माती कधी, हे विमानाच्या वेळेवर ठरू लागले. चुलत आजोबा गेले तेव्हा मामाला तसे दुपारपर्यंत पोचवताही आले. तिकिटे काढायचे काम माझ्याकडे आले, कारण घरात कॉलेजात जाणारी मीच. मला त्याचा अभिमान वाटत असे हे कबूल करते.

नोव्हेंबरात आबांना विट्याला दवाखान्यात ठेवले. डॉक्टर म्हणाले, बोलावून घ्या. मी मामाचे तिकीट काढले, दोन दिवसांनंतरचे, संध्याकाळी सव्वासहाचे थेट पुण्याचे, सहा हजार आठशे चाळीस रुपयांना. त्या आधी मामाला एका सराफाचा माल पुरा करून द्यायचा होता. आबांची तब्येत पाहता दोन दिवसांनी काही बिघडेल असे कुणाला वाटले नाही.

ज्या दिवशी मामा निघणार, त्याच पहाटे चार वीसला धाकट्या मामाचा फोन आला. आई उठून बसली आणि तिने फोन न घेताच हंबरडा फोडला. काही मिनिटांतच कोलकात्याहून मामा. त्याचा आवाज अगदी सरळ होता. “पोरी, माझं तिकीट सांजचं हाय. त्येवढं सकाळचं करून दे.”

मी मोबाईल उघडला. सात पंचवीसला एक थेट पुण्याचे विमान होते. एक जागा दिसत होती. मी लगेच मोजले: दहाला लोहगाव, अकरा-सव्वाअकराला शिरवळ, तीनच्या आत गाव. आईला ओरडून सांगितले, “मामा तीनपर्यंत पोचतोय!” आईने तसे गावाला कळवले. गावाने भावकीला कळवले. तीनची वेळ पाच मिनिटांत चार तालुक्यांत पसरली.

आता इथे मला माझ्या वाचकांना विमानाच्या तिकिटाची थोडी माहिती दिली पाहिजे, म्हणजे पुढचे समजेल. आमचे सर सांगतात, की पूर्वी विमानाचे तिकीट म्हणजे कागदाची एक वहीच असे आणि काही तिकिटांवर तारीखही मोकळी सोडता येई. ते कागदी तिकीट १ जून २००८ पासून जवळजवळ सगळ्या जगात बंद झाले. आता तिकीट म्हणजे मोबाईलवर आलेला सहा अक्षरांचा एक संकेत. विमानाचे भाडेही एस. टी. सारखे टप्प्यावर ठरत नाही. एकाच विमानातल्या जागा लहान-मोठ्या भावांत वाटून ठेवलेल्या असतात. स्वस्तातल्या आधी संपतात आणि प्रवासाच्या दिवशी उरतात त्या सर्वांत महाग, कारण ज्याला आजच जायचे आहे तो नाही म्हणू शकत नाही हे विकणाऱ्याला ठाऊक असते. कंपनीने विमान रद्द केले तर दुसरे विमान द्यायचे नाहीतर पैसे परत करायचे, असा सरकारी नियम आहे. पण आपल्याच घरी काही घडले म्हणून विमान बदलायचे, तर बदलाचा आकार भरायचा आणि वर दोन्ही भाड्यांतला फरक. घरी काय घडले ते लिहायला त्या पडद्यावर रकाना नसतो.

मी हिशेब केला. नवे तिकीट अकरा हजार तीनशे. जुनेच बदलले तर तीन हजार आकार आणि चार हजार चारशे साठ फरक, म्हणजे सात हजार चारशे साठ. तीन हजार आठशे चाळीस रुपये वाचत होते. पप्पा मागे उभे होते. ते म्हणाले, “नवीन काढून टाक.” मी म्हणाले, “थांबा पप्पा, जवळजवळ चार हजार वाचतात. दोन मिनिटांचे काम आहे.”

बदल करायला ओटीपी लागत होता आणि तो तिकिटाला जोडलेल्या मोबाईलवर, म्हणजे मामाच्या फोनवर गेला. मी मामाला फोन लावला. तो लागेना. सगळे गाव त्या वेळी मामालाच फोन करत होते! वेळ संपली, तो क्रमांक बाद झाला. मी दुसरा मागवला. या खेपेस मामा सापडला, टॅक्सीत होता. “थांब गं, चष्मा...” म्हणाला. मग आकडे वाचू लागला आणि तिसऱ्या आकड्यावर त्याचा तो सरळ आवाज एकदम तुटला. मी, त्याची भाची, मोबाईल हातात धरून एवढेच म्हणत होते, “मामा, पुढचा आकडा सांगा. मामा, पुढचा.” त्याने सांगितला तोवर तोही बाद. तिसरा क्रमांक बरोबर बसला. पडदा फिरला, फिरला, आणि लिहून आले, की या विमानात आता जागा शिल्लक नाही.

चार अडतीसला मी सुरुवात केली होती. तेव्हा चार छप्पन्न झाले होते. अठरा मिनिटे.

पप्पा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते. उरलेल्यांत दोन मार्ग होते. एक हैदराबादवरून कोल्हापूर. कोल्हापूर आजोळाला जवळ, पण दोन विमानांत अंतर अवघे पन्नास मिनिटांचे. पहिले लांबले तर मामा हैदराबादेतच अडकायचा. (कराडलाही धावपट्टी आहे म्हणे, पण प्रवासी घेऊन तिथे कुणी उतरत नाही.) दुसरा मार्ग नऊ पन्नासचे थेट मुंबईचे विमान. एकदा हात पोळल्यामुळे माझा धीर गेला होता. मी मुंबई धरली. तेरा हजार सहाशे पन्नास, पप्पांच्या कार्डावर, नवे तिकीट, दोन मिनिटांत. जुने तिकीट तसेच राहिले. त्याचे काय करायचे याचा विचार करायची कुणाला शुद्ध नव्हती. मामाला कळवले तेव्हा तो म्हणाला, “बरं. हितं उजाडाय लागलंय.” आमच्याकडे बाहेर अजून मिट्ट काळोख होता.

आई-पप्पा सव्वापाचला गावी निघाले. अकराला माझा सत्र परीक्षेचा पेपर होता, म्हणून मी मामाबरोबर मागून यायचे ठरले. पेपरात मी काय लिहिले ते तपासणाऱ्या सरांनाच ठाऊक. सुटल्यावर पाहिले, तर हैदराबादहून कोल्हापूरचे विमान अगदी वेळेवर उतरले होते.

गावात भावकी बसली होती. पहाटेपासून आबांना ओसरीवर ठेवलेले. आई म्हणत होती, “दादा आल्याबिगर माती करायची न्हाई.” जुनी माणसे म्हणत होती, “दिवस मावळायच्या आत तरी उचललं पायजे.” तीनला पोचणारा मामा सहालाही पोचत नाही, हे त्यांना माझ्याच फोनने कळले. सगळे दर अर्ध्या तासाने मला विचारत होते, कुठवर आला? मी सांगत होते, उतरला. मग, पनवेल. मग, घाटात अडकलाय. आजीच्या वेळी हे प्रश्न कुणालाच पडले नव्हते. हावड्याच्या गाडीला कुणी विचारले नाही, की कुठवर आलीस.

पाच वाजून दहा मिनिटांनी उड्डाणपुलाच्या तोंडाशी मामाची भाड्याची गाडी थांबली. मी दिवसभर काय बोलायचे ते घोकून ठेवले होते. मामाने दार उघडले आणि विचारले, “जेवलीस का?” मला काही बोलता आले नाही. त्याने चार्जर शोधायला पिशवी उपसली तेव्हा वर एक लोकरीची माकडटोपी निघाली, कोलकात्याला थंडीत घालतात तसली, अजून चिठ्ठी न काढलेली. आबांसाठी आधीच घेऊन ठेवली असणार. त्याने ती घडी मोडू न देता परत आत ठेवली.

खंबाटकीच्या घाटात ट्रकांची रांग होती. घाट उतरून सुरूर मागे पडले, तेव्हा ऊन तांबूस झाले होते. भुईंज ओलांडल्यावर आईचा फोन आला. ती फक्त म्हणाली, “दादाला सांग, आता थांबत न्हाईत.” मामाने गाडी कडेला घ्यायला लावली. मी विचारले, “मामा, मोबाईलवर लावू का? धाकटे मामा दाखवतील.” तो म्हणाला, “नगं.” चपला काढून तो रस्त्याच्या कडेच्या मातीत उभा राहिला, दक्षिणेकडे तोंड करून. ट्रक जात होते, त्यांच्या वाऱ्याने त्याचा सदरा फडफडत होता. मी गाडीत बसून राहिले. त्याचा मोबाईल माझ्या मांडीवर होता. त्यावर एक संदेश येऊन पडला, की आपल्या सव्वासहाच्या विमानात प्रवासी चढवणे सुरू झाले आहे.

त्यानंतरचे दिवस सगळ्यांच्या घरी जातात तसेच गेले. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला मामा होता, दहाव्याला होता. येणारीजाणारी माणसे त्याची समजूत घालत. एका शहाण्या पाहुण्यांनी मलाही सांगितले, “झालं ते बऱ्यासाठी. त्या सकाळच्या इमानात काय वाढून ठेवलं असतं, कुणी सांगावं?” ते सकाळचे विमान सुखरूप पुण्याला आले होते, मी पाहिले होते. पण लोकांना विमान बदलण्याची गोष्ट अशीच ऐकायला आवडते. बदलले म्हणून वाचला!

तशा गोष्टी खऱ्याही असतात. इतिहासाच्या तासाला सरांनी ‘काश्मीर प्रिन्सेस’ची हकीगत सांगितली. ११ एप्रिल १९५५. एअर इंडियाचे हे विमान बांडुंग परिषदेला जाणारी माणसे घेऊन हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले. त्यात चीनचे पंतप्रधान चौ एन लाय असतील अशा समजुतीने कुणीतरी हाँगकाँगच्या विमानतळावर बाँब ठेवला होता. चौ त्यात चढलेच नाहीत. ते मागाहून रंगूनमार्गे गेले. एकोणीस जणांपैकी सोळा समुद्रात गेले. सर म्हणाले, पाहा, प्रवासाचा बेत बदलल्याने इतिहास कसा बदलतो. वर्ग संपल्यावर मी ग्रंथालयात बसून वाचले. विमानाचे कप्तान होते जटार. पेटलेले विमान त्यांनी शेवटपर्यंत हातचे सोडले नाही, पाण्यावर उतरवायची खटपट केली, आणि ते गेले. जे तिघे पोहून वाचले त्यांची नावे दीक्षित, पाठक आणि कर्णिक. हे कर्णिक जमिनीवरचे देखभाल अभियंता, तेही त्या दिवशी विमानात होते. सरांची परवानगी असेल तर म्हणते, मला ती गोष्ट चौ एन लायची वाटत नाही. ज्यांना बेत बदलायचा प्रश्नच नव्हता, त्या माणसांची ती वाटते.

आमच्या गोष्टीत कुणी वाचले नाही आणि कुणी वाचायचेही नव्हते. आबा तर आधीच गेले होते. नुसता एक माणूस सहाला कुठे असावा एवढाच प्रश्न होता. मला राहून राहून वाटे, की आजीच्या वेळी मामा चौथ्या दिवशी आला तो अंतरामुळे. आबांच्या वेळी तीन तास उशिरा पोचला तो माझ्यामुळे. रेल्वेच्या काळात अंतराचा दोष कुणाच्या माथी येत नसे. आता तो माझ्या माथी होता. त्याची किंमतही मला रुपया-पैशात ठाऊक होती.

जानेवारीत मामाचा कोलकात्याहून फोन आला. “पोरी, माझ्या खात्यात हजारभर रुपयं आल्यात. त्या इमान कंपनीकडनं. कशाचं गं?”

न वापरलेल्या तिकिटाचे भाडे बुडते, पण त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत द्यावे लागते. मीच डिसेंबरात तसा अर्ज केला होता. ते मी सांगितले. मग थांबता आले नाही. सात पंचवीसच्या विमानातली ती जागा, पप्पांचे ‘नवीन काढून टाक’, तीन हजार आठशे चाळीस रुपये, सगळे सांगून टाकले. पलीकडे बराच वेळ नुसता भट्टीच्या पंख्याचा आवाज येत होता.

“आईच्या वेळंला मी चौथ्या दिशी आलो हुतो, ठावं हाय न्हवं तुला?” तो म्हणाला.

“हो मामा. आई सांगते.”

“तवाबी इमान हुतं. मुंबईपातूर. शेठ म्हणला हुता, पैसं मी देतो, पगारातनं कापू, तू इमानानं जा.” पंखा कुणीतरी बंद केला असावा, कारण त्याचा आवाज एकदम जवळ आला. “मी रेल्वेचं तिकीट काढलं. ह्ये तुझ्या आईला ठावं न्हाई.”

मी गप्प राहिले.

“तुझा त्या दिवसाचा पेपर,” मामा म्हणाला, “त्याचा निकाल लागला का?”